नाव, नाते आणि परिचय : व्यावसायिक स्त्रीच्या सार्वजनिक लेखनातील शिष्टाचाराचा विचार

१

स्त्रियांच्या आचारासंबंधीचे उपदेशपर वाङ्मय मराठीत विपुल आहे. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. गिरिजाबाई केळकरांच्या ‘गृहिणीभूषण’सारख्या पुस्तकांनी पुढील पिढीत तीच परंपरा चालविली. या वाङ्मयाचा मुख्य रोख गृहजीवनाकडे आहे. स्त्रीने शिकावे कसे, संसार करावा कसा, मुले वाढवावी कशी, याचे मार्गदर्शन त्यात सापडते. परंतु स्त्री शिक्षिका, डॉक्टर, अधीक्षिका किंवा संशोधिका म्हणून घराबाहेर पडली आणि अपरिचित वाचकांपुढे लेखणी घेऊन उभी राहिली, तेव्हा तिने कसे वागावे, याचे नियम कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. ते नियम व्यवहारात घडत गेले आणि त्यांची नोंद उपदेशग्रंथांपेक्षा पत्रांत, लेखांखालच्या सह्यांत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि ललितनिबंधांत अधिक सापडते.

आज इंटरनेट आणि समाजमाध्यमे यांच्या प्रसारानंतर या नियमांची चर्चा नव्याने सुरू झाली आहे. नोकरी अथवा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीने स्वतःचा परिचय कसा लिहावा, कोणते नाव वापरावे, छायाचित्र द्यावे की न द्यावे, अनोळखी व्यक्तीला प्रथम पत्र लिहिताना कोणते संबोधन योजावे, अपमानकारक मजकुराला उत्तर द्यावे की मौन पाळावे, यांविषयीचा सल्ला सर्वत्र उपलब्ध आहे. हा सल्ला देणारे हे सर्व प्रश्न नवीन आहेत असे गृहीत धरतात. वस्तुतः त्यांतील तीन मूलभूत प्रश्न, म्हणजे अपरिचिताला करावयाचे संबोधन, लेखनाखालची सही आणि सभेतील परिचय, हे मराठी भाषक स्त्रियांनी पूर्वीच अनुभवले आणि त्यांवर स्वतःची उत्तरेही शोधली. त्या उत्तरांचे परीक्षण केल्यास या सल्ल्याकडे पाहण्याची एक कसोटी हाती येते.

ती कसोटी प्रथम मांडून ठेवणे सोयीचे होईल. शिष्टाचार म्हणजे दोन्ही पक्षांनी पाळावयाचे बंधन. पाहुण्याने वेळेवर यावे आणि यजमानाने त्याला दारात ताटकळत ठेवू नये, अशी दोन टोके जेथे आहेत तेथे शिष्टाचार आहे. ज्या नियमाचे पालन एकाच पक्षाकडून अपेक्षिले जाते, आणि तो मोडल्यास शिक्षाही त्याच पक्षाला होते, त्याला शिष्टाचार म्हणण्यापेक्षा पाळत म्हणणे अधिक युक्त ठरेल. व्यावसायिक स्त्रीला सांगितल्या जाणाऱ्या नियमांत हे दोन्ही प्रकार एकत्र मिसळलेले असतात. त्यांना वेगळे करणे हे समीक्षेचे काम आहे. पुढील विवेचनात चार स्त्रियांच्या लेखनव्यवहाराच्या आधारे हा भेद तपासला आहे.

२

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या दृष्टीने पहिले. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साहाय्य मिळावे या हेतूने गोपाळराव जोशी यांनी केलेला पत्रव्यवहार तेथील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो १८८० मध्ये वाचला आणि आनंदीबाईंना पत्र पाठविले. छापील मजकूर वाचून एका अपरिचित स्त्रीने दुसऱ्या अपरिचित स्त्रीशी संबंध जोडावा, आणि त्या संबंधातून एक व्यावसायिक आयुष्य घडावे, याचे हे मराठी समाजातील अतिशय आरंभीचे उदाहरण आहे.

या पत्रव्यवहारातील अडचण भाषेची होती, तशीच रीतीचीही होती. जुन्या मराठी पत्राचा मायना नात्यावर आणि मानावर आधारलेला असे. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, सुवासिनीला ‘सौभाग्यवती’, विधवेला ‘गंगाभागीरथी’, लहानांना ‘चिरंजीव’, प्रतिष्ठित परक्याला ‘राजमान्य राजश्री’. नाते अथवा पायरी ठरल्याशिवाय लेखणी पुढे सरकत नसे. समुद्रापलीकडच्या परधर्मी, परकीय आणि कधीही न पाहिलेल्या स्त्रीसाठी या यादीत जागा नव्हती. आनंदीबाईंची पत्रे इंग्रजीत असली, तरी ज्या संस्कारातून त्या लिहीत होत्या त्यात संबोधनाला हे वजन होते. त्यांनी कार्पेंटरबाईंना मावशी मानले. इंग्रजीतील एकाच शब्दात मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघी सामावतात. मराठीला निवड करावी लागते. मराठी चरित्रवाङ्मयात आणि कथनात हे नाते मावशीचे म्हणूनच रूढ झाले. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या भाषेत या शब्दाला कोणता अर्थ आहे, हे वेगळे सांगावयास नको.

हे नाते केवळ भावनेचे होते असे समजणे मात्र अपुरे ठरेल. अनोळखी व्यक्तीकडे साहाय्य मागण्याच्या प्रसंगी मागणाऱ्याची पायरी आपोआप खाली येते. त्यातही साहाय्याच्या मागे धर्मांतराची अपेक्षा दडलेली असेल, तर ती अधिकच खाली येते. नाते जोडल्यामुळे आनंदीबाईंना याचकाची भूमिका टाळता आली. भाचीने मावशीला प्रश्न विचारावेत, आपल्या चालीरीतींची बाजू मांडावी, मतभेदही प्रकट करावा, यात औचित्यभंग होत नाही. त्यांनी आपला धर्म आणि आपली राहणी सोडली नाही, आणि कार्पेंटरबाईंनीही ती अट घातली नाही. संबोधनाने निर्माण केलेले बंधन दोन्ही बाजूंनी पाळले गेले. ज्याला येथे परस्पर शिष्टाचार म्हटले आहे, त्याचा हा उत्तम नमुना होय.

याच्या उलट प्रसंग श्रीरामपूरचा, बंगालमधील. अमेरिकेस प्रयाण करण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाईंनी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले आणि लोक विचारीत असलेल्या सहा प्रश्नांना क्रमाने उत्तरे दिली. अमेरिकेत का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर जात बहिष्कार घालणार नाही काय, संकट आले तर काय कराल, आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्ही का करावे, असे या प्रश्नांचे स्वरूप होते. यांपैकी बहिष्काराचा प्रश्न परदेशी जाणाऱ्या पुरुषालाही विचारला जात असे. ‘एकटे का जाता’ हा प्रश्न मात्र पुरुषाला कोणी विचारला नसता. समाजाने आपल्या जिज्ञासेला कोणतेही बंधन घातले नव्हते. उत्तर देणारीने मात्र संयम राखावा अशी अपेक्षा होती. आनंदीबाईंनी संयम राखला, पण त्यात एक युक्ती होती. चहूबाजूंनी चाललेल्या कुजबुजीला त्यांनी क्रमांक दिले. कुजबुजीला उत्तर देता येत नाही. प्रश्नाला देता येते. एका सभेत, एका दिवशी, सर्वांसमक्ष उत्तर देऊन त्यांनी पुन्हा पुन्हा उत्तरे देण्याच्या जबाबदारीतून स्वतःला मोकळे केले. अपमानकारक जिज्ञासेपुढे मौन आणि संताप या दोहोंखेरीज तिसरा मार्ग असू शकतो, हे या भाषणाच्या रचनेवरून दिसून येते.

मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवून त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याच्या आत, निवर्तल्या. त्यांच्या वैद्यकीय व्यवसायाला आरंभही होऊ शकला नाही. म्हणून त्यांच्या कर्तृत्वाचा मुख्य पुरावा म्हणजे त्यांची पत्रे आणि हे भाषण. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्रही या पत्रांवर मोठ्या प्रमाणात उभे आहे.

३

सहीचा प्रश्न रखमाबाईंच्या लेखनात प्रखरपणे उभा राहतो. जून आणि सप्टेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांखाली लेखिकेचे नाव नव्हते. ‘अ हिंदू लेडी’, म्हणजे ‘एक हिंदू स्त्री’, एवढीच सही होती. याच सुमारास दादाजी भिकाजी यांनी पत्नी म्हणून रखमाबाईंचा ताबा मागणारा दावा उच्च न्यायालयात चालू होता. दुसरे पत्र प्रसिद्ध झाले आणि दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबर १८८५ रोजी, न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला.

ही सही म्हणजे भीतीने घेतलेला आडोसा, असा तिचा अर्थ लावता येईल. परंतु तिच्यातील शब्दांची योजना पाहिली की हा अर्थ पुरेसा वाटत नाही. ‘एक’ या शब्दाने लेखिका स्वतःला अनेकींपैकी एक ठरविते. तक्रार व्यक्तीची न राहता वर्गाची होते. ‘हिंदू’ या शब्दाने ती समाजाच्या आत उभी राहून बोलते. बाहेरून आलेल्या टीकाकाराची टीका म्हणून तिचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. ‘लेडी’ या इंग्रजी शब्दाने ती कुलीनतेचा दावा करते, कारण त्या शब्दात केवळ स्त्रीत्व नसून प्रतिष्ठाही अभिप्रेत आहे. नाव न देताही लेखिकेने वाचकाला आपली भूमिका, आपले स्थान आणि आपला अधिकार सांगितला. निनावी लेखन आणि बेजबाबदार लेखन यांत फरक करावयाचा असेल, तर तो येथे करता येतो. बेजबाबदार लेखक आपली जागाच लपवितो. या सहीने फक्त नाव राखून ठेवले, जागा उघड सांगितली.

पुढे जे घडले त्याने या शिष्टाचाराचा एकतर्फीपणा उघडा पडला. कुलीन स्त्रीचे नाव छापून येणे योग्य नव्हे, असा संकेत होता. पण खटला गाजू लागताच रखमाबाईंचे नाव इंग्रजी आणि मराठी वृत्तपत्रांतून सतत छापले जाऊ लागले. ‘केसरी’ने पिन्हे यांच्या निर्णयाविरुद्ध आणि स्त्रीशिक्षणाच्या परिणामांविरुद्ध कठोर लेखन केले. संकेताचा अर्थ असा निघाला, की स्त्रीने स्वतः आपले नाव छापू नये. इतरांनी मात्र ते हवे तसे छापावे. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा अथवा तुरुंगवास भोगा, असा निर्णय दिला. त्याच वर्षी दादाजींनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिला रखमाबाईंनी जाहीर उत्तर दिले, ते स्वतःच्या नावाने. दोन वर्षांपूर्वी राखून ठेवलेले नाव आता राखण्याजोगे उरले नव्हते. ते इतरांच्या लेखणीखाली गेले होते, आणि परत मिळवावयाचे तर स्वतः लिहिण्यावाचून मार्ग नव्हता.

१८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ डॉक्टर म्हणून काम केले. त्यांच्या नावावर खटल्याची पडलेली छाया त्यांच्या व्यवसायाने कमी केली. तरी अभ्यासकांच्या लेखनात आजही खटल्याला जेवढी पाने मिळतात, तेवढी त्यांच्या व्यवसायाला मिळत नाहीत. सभ्यतेच्या प्रश्नाने कर्तृत्वाचा प्रश्न झाकोळून टाकण्याची ही प्रवृत्ती समीक्षेतही शिरते, हे यावरून ध्यानात यावे.

४

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर, प्रकाशक ह. वि. मोटे. शिकलेल्या, मिळवत्या, विवाहाचे वय उलटत चाललेल्या तरुणींची घुसमट या कथांत होती. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या शीर्षकातच मिळवत्या मुलीच्या परिस्थितीचा सारा पेच आलेला आहे. पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. पतीपासून दुरावलेल्या स्त्रीने विवाहबंधनाविना दुसऱ्या पुरुषाबरोबर सहजीवन स्वीकारावे, हा तिचा विषय. या पुस्तकांनी मराठी समाजात खळबळ उडविली आणि विभावरी कोण, याविषयी तर्कवितर्कांना ऊत आला.

हे नाव धारण करणाऱ्या बाळूताई खरे या व्यवसायाने शिक्षिका होत्या. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांनी यापूर्वीच ‘स्त्रियांच्या हक्कांची सुधारणा’ आणि ‘अलंकार-मंजूषा’ यांसारखी अभ्यासपूर्ण पुस्तके स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली होती. म्हणजे एकाच लेखिकेने एकाच कालखंडात दोन नावे वापरली, आणि त्यांची वाटणी वाङ्मयप्रकारानुसार केली. टोपणनाव हे भिडस्तपणाचे लक्षण असते, तर हक्कांसारख्या वादग्रस्त विषयावर लिहितानाही ते वापरले गेले असते.

या वाटणीचे कारण वाचकाच्या सवयीत शोधावे लागते. कायद्यावरील ग्रंथ वाचताना वाचक लेखिकेच्या खाजगी आयुष्याकडे वळत नाही, प्रमाणे तपासतो. तीच स्त्री अविवाहित शिक्षिकेची कथा लिहू लागली, की वाचकाला ती कथा राहत नाही, कबुलीजबाब वाटू लागते. पात्राची इच्छा ही लेखिकेची इच्छा ठरते आणि पात्राचे स्खलन हे शिक्षिकेचे स्खलन. मग प्रश्न साहित्याचा न उरता तिच्या हाती मुली सोपवाव्यात की नाही, असा होतो. टोपणनावामुळे रक्षण झाले ते प्रथम नोकरीचे खरे; पण वाङ्मयीन दृष्ट्या अधिक महत्त्वाचे रक्षण झाले ते कथेच्या कथापणाचे. विभावरी शिरूरकर या नावामागे वाचकाला माहीत असलेले चरित्र नसल्यामुळे कथेतील तरुणी स्वतःच्या पायांवर उभी राहू शकली.

येथे पुरुष लेखकांच्या टोपणनावांशी तुलना करणे उद्बोधक ठरते. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, कुसुमाग्रज अशी टोपणनावांची थोर परंपरा मराठी काव्यात आहे. त्या नावांमागील व्यक्ती कोण, हे कळणे वा न कळणे हा नैतिक चौकशीचा विषय कधी झाला नाही. पुरुषाचे टोपणनाव अलंकार मानले गेले. स्त्रीचे टोपणनाव पुरावा नाहीसा करण्याचा प्रयत्न मानले गेले. आधी स्त्रीने नावानिशी लिहिणे अवघड करून ठेवायचे, आणि तिने नाव झाकले की झाकण्यालाच दोष द्यायचा, असा हा व्यवहार आहे. विभावरी कोण, या प्रश्नाने विभावरी काय म्हणते हा प्रश्न काही काळ मागे पडला, ही तत्कालीन वाचनाची उणीव मानली पाहिजे.

पुढील घटना या विवेचनाला पुष्टी देतात. १९३७ नंतर काही वर्षे बाळूताईंनी सोलापूर येथे, तत्कालीन कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केले. १९३८ मध्ये विवाहानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. सोलापूरच्या अनुभवातून आलेली ‘बळी’ ही कादंबरी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली, तीही विभावरी शिरूरकर या नावानेच. खरे नाव सर्वांना कळल्यानंतरही हे नाव मराठी साहित्यात टिकून राहिले. जे केवळ लपण्यासाठी घेतलेले असते ते लपण्याची गरज संपल्यावर गळून पडते. हे नाव गळून पडले नाही, कारण ते एव्हाना एका वाङ्मयीन भूमिकेचे नाव झाले होते. जन्माने एक आणि विवाहाने दुसरे नाव मिळालेल्या या स्त्रीने स्वतः निवडलेले नाव हे तिसरे. आणि वाङ्मयाच्या इतिहासात प्रथम उच्चारले जाते तेही हेच.

५

परिचयाच्या रीतीचे सर्वांत सूक्ष्म परीक्षण इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या निबंधात आढळते. याच नावाचा त्यांचा ललितनिबंधसंग्रह १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्या पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र या विषयांचे अध्यापन व संशोधन करीत होत्या; बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी पूर्वीच मिळविली होती. निबंधाचा आशय प्रसिद्ध आहे. एका सभेत वक्त्या म्हणून त्यांचा परिचय करून दिला जातो, तो प्रामुख्याने थोर घराण्याची सून, नामवंत पुरुषाची पत्नी अशा नात्यांनी. या परिचयात काहीतरी उणे राहिल्याची भावना त्यांच्या मनात घोळत राहते. पुढे रस्त्याने जाताना एक शाळकरी मुलगा आपल्या सोबत्याला, ती पाहा आपल्या वर्गातल्या कर्व्यांची आई, असे सांगतो. आणि ते ऐकून परिचय पुरा झाल्यासारखे त्यांना वाटते.

या निबंधाचे दोन परस्परविरुद्ध अर्थ लावता येतात. पहिल्या अर्थाने विदुषीनेही अखेर मातृत्वातच सार्थक मानले, म्हणून परंपरावाद्यांना समाधान वाटते. दुसऱ्या अर्थाने तिने स्वतःच्या विद्येचा अधिकार सोडून दिला, म्हणून स्त्रीवादी वाचकाची निराशा होते. दोन्ही अर्थ शेवटच्या वाक्याला विधान समजतात आणि त्यातील विनोदाकडे दुर्लक्ष करतात. निबंधाचे शीर्षकच किंचित जड, समारंभी आणि संस्कृत आहे. आणि ज्या घटनेला ते चिकटविले आहे ती म्हणजे रस्त्यावरील शाळकरी पोरांचे बोलणे. या विसंगतीत निबंधाचा गाभा आहे.

नातेव्यवस्था हा इरावतीबाईंच्या शास्त्रीय अभ्यासाचा मुख्य विषय. भारतातील नातेसंघटनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुढे १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. नात्याने माणसाची ओळख कशी ठरते, हे जाणणाऱ्या अभ्यासिकेचाच परिचय सभेत नात्याने दिला जातो, आणि ती त्या प्रसंगाकडे क्षेत्रकार्यातील नोंदीप्रमाणे पाहते. प्रत्येक मंडळ आपल्या मापाने माणूस ओळखते, ही ती नोंद होय. विद्वानांच्या सभेने तिला प्रतिष्ठित पुरुषांच्या मापाने ओळखले. मुलांनी तिला वर्गमित्राच्या मापाने ओळखले. दोहोंत फरक एवढाच, की मुलांपुढे दुसरे माप नव्हते आणि सभेपुढे होते. तिचे संशोधन सभेला उपलब्ध असूनही तिने ते वापरले नाही. मुलाच्या बोलण्याने लेखिकेला हसू येते, आणि त्या हसण्याच्या उजेडात सभेचा परिचय तितकाच बालिश दिसू लागतो. तक्रारीचा एक शब्दही न काढता केलेली ही टीका आहे. मात्र आई म्हणून ओळखले जाण्यातील आनंद खोटा आहे, असेही निबंध म्हणत नाही. त्या आनंदाला व्यवसायाच्या विरोधी पारड्यात घालण्याचे काम वाचक करतात, लेखिका करीत नाही.

६

वरील विवेचनावरून, निनावीपणाकडून टोपणनावाकडे आणि टोपणनावाकडून स्वनामाकडे अशी प्रगतीची सरळ रेषा आखण्याचा मोह होणे शक्य आहे. इतिहास त्याला अनुकूल नाही. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे काम करीत असतानाच ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ मध्ये आपल्या नावाने प्रसिद्ध केला. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग विद्यार्थिनीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये तिच्या नावानिशी, वय व जातीच्या उल्लेखासह छापला गेला. तीस वर्षांनंतरच्या रखमाबाईंना नाव राखावे लागले आणि ऐंशी वर्षांनंतरच्या बाळूताईंना बदलावे लागले. कालक्रमाने निर्भयता वाढत गेली, असे म्हणता येत नाही.

या वस्तुस्थितीतून एक मर्यादाही स्पष्ट होते. ‘लेडी’ या शब्दाचा आडोसा ज्यांच्या अब्रूची समाजाला चिंता होती त्यांनाच उपलब्ध होता. मुक्तेपुढे असा आडोसा नव्हता. तिच्या निबंधाचे बळ तिच्या जातीच्या उच्चारातच होते, आणि तो उच्चार झाकून तिला बोलताच आले नसते. सावित्रीबाईंना तर रस्त्याने शाळेत जातानाच शेणमातीचा मारा सोसावा लागला होता. त्यांच्या बाबतीत सही झाकून काही वाचण्यासारखे उरले नव्हते. म्हणून आनंदीबाई, रखमाबाई, बाळूताई आणि इरावतीबाई यांच्या उदाहरणांवरून निघणारे निष्कर्ष सर्व स्त्रियांना सरसकट लागू करणे सदोष ठरेल. शिष्टाचाराची चर्चा नेहमीच कोणाची तरी प्रतिष्ठा गृहीत धरते. ती कोणाची, हे प्रथम विचारले पाहिजे.

७

आता आजच्या सल्ल्याकडे वळता येईल. त्यातील काही नियम निःसंशय परस्पर आहेत. अनोळखी व्यक्तीकडे काम घेऊन जाताना आपण कोण आणि कशासाठी लिहितो हे आरंभीच सांगावे. दुसऱ्याच्या लेखनाचा आधार घेतल्यास त्याचा नामनिर्देश करावा. खाजगी पत्र संमतीवाचून चारचौघांत मांडू नये. मिळालेल्या साहाय्याची पोच द्यावी. हे नियम पुरुषाला आणि स्त्रीला सारखेच लागू पडतात आणि लिहिणाऱ्याचे व वाचणाऱ्याचे दोघांचेही हित साधतात. आनंदीबाई आणि कार्पेंटरबाई यांच्या पत्रव्यवहारात याच वृत्तीचा प्रत्यय येतो.

दुसरे काही नियम स्त्रीलाच उद्देशून सांगितले जातात. छायाचित्रात फार हसू नये, पण उग्रही दिसू नये. मत ठामपणे मांडू नये, मांडल्यास सौम्य करावे. घरातील गोष्टींचा उल्लेख करू नये, पण कुटुंबवत्सल असल्याचे जाणवू द्यावे. निंदेला उत्तर देऊ नये. यांतील प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारावा : याची दुसरी बाजू कोणी पाळावयाची आहे? स्त्रीने निंदेला उत्तर देऊ नये, असे सांगणारा नियम निंदकाला काय सांगतो? तो काहीच सांगत नसेल, तर तो पाळतीचा नियम होय. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध भारतात २०१३ मध्ये कायदा झाला. पण कायद्याच्या कक्षेत न येणारा उपहास, परिचयातील उणेपणा आणि नावाची चौकशी यांचा प्रांत रीतिरिवाजाचाच आहे, आणि तेथे दुसऱ्या पक्षाची जबाबदारी अद्याप क्वचितच उच्चारली जाते.

याचा अर्थ सावधगिरीचा सल्ला त्याज्य आहे असा नव्हे. रखमाबाई आणि बाळूताई दोघीही सावध होत्या, आणि त्या सावधपणाला कमी लेखणे हा सुरक्षित वाचकाचा उद्धटपणा ठरेल. सावधगिरी हे प्रतिकूल परिस्थितीतील शहाणपण आहे. तिला सद्गुणाचे नाव देऊन तिच्या अभावाला दुर्गुण ठरविणे एवढेच आक्षेपार्ह आहे. नाव द्यावे, राखावे की बदलावे, हा निर्णय लिहिणारीचा. वाचकाचे कर्तव्य त्यापुढे सुरू होते : जे नाव तिने दिले त्या नावाने तिला ओळखणे, आणि जे लिहिले आहे त्याची परीक्षा करणे.

मराठी समीक्षेने स्त्रियांच्या आत्मचरित्रांकडे बरेच लक्ष दिले आहे. त्या मानाने मायने, सह्या, अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि सभांतील परिचयभाषणे या सामग्रीकडे कमी दिले आहे. ही सामग्री ग्रंथालयांतून आणि जुन्या नियतकालिकांच्या अंकांतून विखुरलेली आहे. कोणत्या स्त्रीला कोणत्या नावाने छापले गेले, कोणी छापले आणि तिने स्वतः कोणते नाव निवडले, या तीन गोष्टींची नोंद नियतकालिकवार केल्यास व्यावसायिक स्त्रीच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास बराच स्पष्ट होईल, आणि आजच्या उपदेशातील किती भाग शिष्टाचार आहे व किती पाळत, हेही अधिक आधारपूर्वक सांगता येईल.